साडेआठ महिन्यांची लेक रोज पहाटे पावणेपाचला टक्क जागी. काय करावं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. लेक साडेआठ महिन्यांची आहे. झोपवायला फार त्रास देत नाही. रात्री सव्वासातला दूध पाजून कॉटमध्ये ठेवलं की थोडी चुळबुळ करते आणि झोपते. एकच्या सुमारास एकदा दुधासाठी उठते, पिते आणि लगेच झोपते. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

पण पावणेपाच वाजले की टक्क जागी. रडत नाही. कॉटचा कठडा धरून उभी राहते आणि बडबड सुरू करते. जरा वेळाने त्या बडबडीत किरकिर मिसळायला लागते, मग मी उचलते. जवळ घेतलं तर दोन घोट पिऊन मान फिरवते. थापटलं, कडेवर फिरवलं, हळू आवाजात गाणं म्हटलं, तरी डोळे उघडेच. शेवटी नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून तिला घेऊन बाहेरच्या खोलीत येते, दिवा लावते, खेळणी काढून देते. साडेसहाला ती डोळे चोळायला लागते आणि खाली ठेवताक्षणी गाढ झोपते ती आठपर्यंत. त्याच वेळात मला आवरून कामाला निघायचं असतं, त्यामुळे मला काही पडता येत नाही. नंतर सव्वाअकरा ते साडेबारा आणि चार ते पावणेपाच अशा आणखी दोन झोपा होतात. दिवसा सासूबाई सांभाळतात.

उशिरा झोपव म्हणजे उशिरा उठेल, असं बरेच जण सांगतात. म्हणून नऊपर्यंत जागी ठेवून पाहिली, तर साडेचारलाच उठली आणि दिवसभर चिडचिड. सासूबाईंना वाटतं पोट भरत नाही तिचं, रात्री जड काहीतरी भरव. डॉक्टरांनी वजन आणि वाढ छान आहे म्हणून सांगितलंय.

ही सवय आहे, भूक आहे की आणखी काही? आणि यावर काही करता येतं, की मोठी होईपर्यंत थांबायचं? दिवसभर डोकं जड असतं माझं. "बाळ एवढं हसरं आहे, तुला काय त्रास?" हे ऐकलं की रडूच येतं.

दोनपिल्लं

सोनचाफा, त्रास खरा आहे गं. रात्री तीनदा उठणारं बाळ दिसतं सगळ्यांना, पहाटेचं हे जागरण कुणी मोजतच नाही. माझा थोरला पहाटेच उठायचा, धाकटी मात्र सात-साडेसातपर्यंत झोपायची, आणि दोघांना वाढवण्याची पद्धत एकच. त्यामुळे थोडाफार स्वभावाचा भाग असतोच. मी त्या दिवसांत स्वतः नऊला झोपत होते, बाकी सगळं घर जागं असलं तरी. तुला जमत असेल तर आजपासूनच कर. निशिगंध इथे असतील तर त्या नीट सांगतील.

निशिगंध

अगं सोनचाफा, वेळा लिहून दिल्यास ते फार बरं केलंस. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, रात्रपाळ्या भरपूर केल्यात. वॉर्डात पहाटे चार ते सहा हीच सगळ्यात जास्त चुळबुळीची वेळ. तू लिहिलंयस त्यात काळजी करण्यासारखं मला काही दिसत नाही, आणि करण्यासारखं मात्र बरंच आहे.

झोप टिकते दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं आणि झोपेत ते उतरतं. दुसरं शरीरातलं घड्याळ. अंधार पडला की ते झोपेकडे नेणारं मेलाटोनिन वाढवतं, पहाटे ते कमी करून जागं करणारं कॉर्टिसॉल वाढवायला लागतं. सव्वासातला झोपलेल्या बाळाची ओढ पहाटे चारपर्यंत बरीचशी फिटलेली असते, पोटभर जेवल्यावर भूक उरत नाही तशी. पुढचा वेळ जवळजवळ एकटं घड्याळ तिला झोपवून ठेवत असतं. त्यात रात्रीच्या शेवटच्या भागातली झोप उथळ, स्वप्नांची जास्त. या वयात झोपेचं एक चक्र साधारण तासाभराचं असतं आणि प्रत्येक चक्र संपताना बाळ अर्धवट जागं होतं. रात्री अकराला तसं जागं झालं तर ओढ एवढी असते की कूस बदलून पुन्हा गुडुप. पावणेपाचला तेच अर्धवट जागेपण आलं की उजेडाची एक चीर, नळाचा आवाज, ओला गार डायपर, काहीही पुरतं. म्हणून रात्री चालणारं थापटणं पहाटे चालत नाही. तुझं थापटणं कुठे कमी पडत नाहीये.

आता तुझ्या लेकीचा हिशोब. रात्रीचे साडेनऊ तास, दिवसाचे दीड, सव्वा आणि पाऊण, म्हणजे साडेतीन. एकूण तेरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींत ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना २४ तासांत दिवसाच्या झोपा धरून १२ ते १६ तास झोप सांगितली आहे. तेव्हा झोप कमी पडत नाही, ती पडायला हवी तिथे पडत नाही. साडेसहा ते आठ ही झोप बघ. पावणेपाचला उठलेलं बाळ पावणेदोन तासांत गाढ झोपतं, तेही खाली ठेवताक्षणी. या वयाची बाळं दोन झोपांच्या मध्ये अडीच ते साडेतीन तास सहज जागी राहतात. म्हणजे ती दिवसाची पहिली झोप नव्हेच, रात्रीचा उरलेला तुकडा आहे. तो तुकडा रोज ठरल्या वेळी मिळतो, म्हणून शरीर पहाटे उठणं परवडवून घेतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी पकड इथेच आहे. ती झोप एकदम बंद करायची नाही, हळूहळू पुढे सरकवायची. दोन-तीन दिवस पावणेसात, मग सात, असं करत आठ-साडेआठपर्यंत न्यायची. मधल्या वेळात खिडकीपाशी ने, अंघोळ घाल, बाहेर चक्कर मार. पहिले काही दिवस ती कुरकुरेल. डोळे चोळले की लगेच आडवं करायची सवय सासूबाईंनाही मोडावी लागेल, त्यांना कारण सांगून ठेव. आजीला नातीचे पेंगुळलेले डोळे बघवत नाहीत, ते साहजिक आहे.

दुसरी गोष्ट उजेड. पहाटेचा उजेड शरीराचं घड्याळ आणखी अलीकडे ओढतो. पावणेपाचला बाहेरच्या खोलीतला दिवा लागला आणि खेळणी आली की तिच्या शरीराला कळतं, दिवस इथून सुरू. दूध पिण्याच्या वेळाही घड्याळाला अशीच खूण देतात. म्हणून सहा वाजेपर्यंत तिच्यासाठी रात्रच ठेवायची. खोली तीच, अंधार तोच, आवाज कुजबुजण्याएवढा, फोन उघडायचा नाही. तू तिच्याजवळ बस, हात लाव, हवं तर मांडीवर घे, त्याला काही हरकत नाही. फक्त दिवस सुरू करायचा नाही. आणि सहा वाजले की अगदी उलट: पडदे सरकव, लख्ख उजेड, मोठ्याने बोल, मग दूध. संध्याकाळी उशिरापर्यंत दिवसाच्या उजेडात बाहेर ने, त्याने घड्याळ थोडं पुढे सरकायला मदत होते. मात्र झोपायच्या आधीचा तासभर दिवे मंद.

खोलीत किती अंधार आहे हे दिवसा कळत नाही. उद्या ती उठते त्याच वेळी तिच्या कॉटपाशी तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खाली बस आणि डोळे सरावेपर्यंत थांब. मग हात लांब करून बोटं मोजता येतात का बघ. येत असतील तर अंधार पुरेसा नाही.

गारठाही बघ. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि खोलीही तेव्हाच गार होते. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नकोस, मानेखाली किंवा छातीवर हात लावून बघ. तिथे गार लागलं तर अंगात एक थर वाढव, किंवा मापाची स्लीपिंग बॅग घाल. वर्षाच्या आतल्या बाळाच्या कॉटमध्ये सुटं पांघरूण, उशी, मऊ खेळणी नकोतच. डायपर पहाटे भिजून बाहेर येत असेल तर रात्रीसाठी एक माप मोठा.

नऊला झोपवल्यावर ती अलीकडे का उठली? झोपायची वेळ एका रात्रीत पावणेदोन तास सरकली, घड्याळ तिथेच राहिलं. वर दमून गेलेलं बाळ जास्त अस्वस्थ झोपतं. झोपायची वेळ सरकवायची असेल तर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं, आणि त्याबरोबर दिवसाच्या झोपा आणि दुधाच्या वेळाही.

जड भरवण्याबद्दल स्पष्ट सांगते: त्याने पहाटेची झोप लांबते असं नाही. बाटलीत पीठ किंवा सीरियल घट्ट कालवून पाजणं तर अजिबात नको, ठसका लागून गुदमरायची भीती असते. दोन घोट पिऊन मान फिरवणारं बाळ भुकेनं उठलेलं नसतं. आणि कुणी गुंगी आणणारं सर्दीचं औषध किंवा मेलाटोनिनचे थेंब सुचवले, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नकोस.

किती दिवस लागतात, हे तुझ्या मनात असेलच. घड्याळ हळू सरकतं. दोन-तीन आठवडे एकसारखं धरून ठेवलंस तर फरक दिसायला हवा. अधूनमधून एखादी पहाट पुन्हा पावणेपाचची येईल, त्या दिवशीही नियम तोच ठेव.

सोनचाफा

निशिगंध, आज पहाटे तिच्या कॉटपाशी खाली बसले होते. बोटं मोजता आली, अगदी नखांसकट! पडद्याच्या दांडीच्या वर चार बोटं फट आहे. जिन्यातल्या दिव्याचा पट्टा तिथून आत येऊन कॉटच्या समोरच्या भिंतीवर पडतो. उभी राहून ती रोज त्याच भिंतीकडे बघत बडबडत असते. आणि कोपऱ्यातल्या यंत्राचा निळा ठिपका वेगळाच. ठिपक्यावर चिकटपट्टी लावली, फटीत जाड कापड खोचलं. उजाडायला लागल्यावर पुन्हा बघेन.

दोन शंका आहेत. ती एकटी बडबडत असताना मी लगेच गेले नाही तर तिला टाकून दिल्यासारखं वाटेल का? आणि चारची झोप ठेवू की काढू? ती काढली तर साडेबारापासून सव्वासातपर्यंत तिने जागायचं, ते मला अशक्य वाटतं.

निळीछत्री

ताई, मधेच बोलतो. आमच्याकडे पहाटेची पाळी वाटून घेतली आहे. एका दिवशी मी, दुसऱ्या दिवशी बायको, आणि ज्याची पाळी नाही तो कानात बोळे घालून दुसऱ्या खोलीत झोपतो. एक दिवसाआड सलग झोप मिळाली तरी माणूस माणसात येतो. तुम्ही नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून बाहेर येता हे वाचून वाईट वाटलं. त्यांना हे सगळं वाचायला द्या.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. पहाटे बाळाला घेऊन सोफ्यावर टेकायचं आणि डोळा लागू द्यायचा, हे कृपा करून टाळा. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं फार धोक्याचं असतं, फटीत किंवा कुशीत नाक दबून श्वास कोंडतो. झोप अनावर झाली तर बाळाला सरळ कॉटमध्ये ठेवा, रडलं तरी चालेल.

आमचा मुलगा दोन वर्षांचा होत आला तरी पहाटे उठायचा, ते प्रकरण वेगळं निघालं. तोंड उघडं टाकून झोपायचा, घोरायचा, डोकं घामाने भिजायचं, मध्येच श्वास अडखळायचा. आम्ही झोपेत असतानाचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला. अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढल्या होत्या. उपचार झाल्यावर झोप सुधारली. तुमच्या लेकीचं तसं काही दिसत नाही, पण असं घोरणं कुणाच्या बाळात दिसलं तर अंधार आणि वेळापत्रक यांत महिने घालवू नका.

सोनचाफा

निळीछत्री दादा, धन्यवाद. घोरत नाही ती. नवऱ्याला वाचायला दिलं, उद्याची पाळी त्याची. सोफ्याचं लक्षात ठेवते, खरंच डोळा लागतो तिथे.

निशिगंध

निळीछत्रींनी व्हिडिओचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. दवाखान्यात बाळ जागंच असतं, डॉक्टरांना झोपेतलं दिसणार कसं? घोरण्याखेरीज यातलं काही दिसलं तरी दाखवून घ्यावं: वजन वाढणं थांबलं, आडवं केलं की रडून वाकडं होतं, सारखं कान ओढतं आणि ताप आहे, अंग खाजवून उठतं, किंवा झोपेत पाय सतत हलवत राहतं. शेवटच्या लक्षणामागे कधीकधी लोह कमी असतं, ते रक्त तपासल्यावर कळतं.

आता तुझ्या शंका. आनंदाने बडबडणाऱ्या बाळाला त्या क्षणी काही नको असतं. आठ-नऊ महिन्यांत उभं राहायला नुकतं जमायला लागलेलं असतं, हात-पाय स्वस्थ बसत नाहीत, पहाटे उठून त्याचाच सराव चालतो. काही बाळांना उभं राहता येतं पण खाली बसता येत नाही, मग कठडा धरून अडकतात आणि रडतात. दिवसा तिला गुडघे वाकवून बसायचा खेळ खेळव, भरपूर वेळा. बडबड चालू असेल तोवर दाराशी थांब, आत जाऊ नकोस. बरीच बाळं एवढ्यात पुन्हा आडवी होतात, आणि आपण आत गेलो की पूर्ण जागी होतात. खरं रडणं सुरू झालं की मात्र जा. याच वयात आई दिसेनाशी झाली की घाबरायला होतं, तेव्हा जवळ बस, आवाज ऐकू दे. आईने पाच मिनिटं दाराशी थांबून ऐकलं म्हणून कुठल्याही बाळाला टाकून दिल्यासारखं वाटत नाही. तू दिवसभर तिची आहेसच.

चारची झोप आत्ता काढू नकोस. सहा ते नऊ महिन्यांत बाळं तीन झोपांवरून दोनवर येतात, तीही त्याच उंबऱ्यावर आहे. सकाळची झोप पुढे सरकली की पुढचं सगळं आपोआप सरकेल. समज, पहिली साडेआठ ते पावणेदहा आणि दुसरी एक ते अडीच झाली, की चारच्या झोपेला जागाच उरत नाही. अडीचला उठलेलं बाळ सात-सव्वासातपर्यंत ओढू शकेल का? सुरुवातीला नाही. त्या दिवसांत साडेसहालाच झोपव, बिनधास्त. लवकर झोपली म्हणून लवकर उठेल ही भीती वाटेल, पण बदलाच्या काळात दमलेल्या बाळाला लवकर झोपवणं फायद्याचं ठरतं. आठवडाभरात जागं राहण्याची ताकद वाढली की पुन्हा सव्वासात, साडेसात. सकाळच्या झोपेतून सव्वा तासानंतर हलकेच उठवलंस तरी चालेल. दिवसाची एकूण झोप अडीच-पावणेतीन तासांवर आली की रात्र सव्वादहा तासांच्या आसपास जाईल. म्हणजे साडेसात ते पावणेसहा. सातपर्यंत झोपेल अशी आशा मी तुला लावणार नाही, तिची एकूण गरज तेरा तासांची दिसते आणि रात्र त्याहून ताणली जात नाही. सहाच्या आसपास ताजंतवानं उठणारं बाळ अगदी निरोगी असतं.

नळाचा किंवा जिन्यातला आवाज आड येत असेल तर एकसुरी आवाजाचं यंत्र लावता येईल. कॉटपासून दोन मीटर तरी लांब, आवाज ५० डेसिबलपेक्षा कमी, आणि पहाटेही चालू राहील असं. टायमरने तीनला बंद होणारं यंत्र पावणेपाचला काही उपयोगाचं नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी: बाळ चार महिन्यांच्या आत असेल तर यातलं काहीच करू नका. घड्याळ तोवर नीट बसलेलंच नसतं, भूक लागेल तेव्हा पाजायचं, एवढंच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

सोनचाफा

एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. साडेसहाला झोपवायचं धाडस करते. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आठपर्यंत जागी ठेवायची जबाबदारी माझी. एक राहिलं: एकचं दूध त्याबरोबर सोडवू का? म्हणजे सगळं एकदमच मार्गी लागेल.

निशिगंध

नको. एकला पिऊन ती लगेच झोपते, म्हणजे ते दूध तिला हवं आहे आणि पहाटेच्या उठण्याशी त्याचा संबंध दिसत नाही. या वयात रात्रीचं एखादं पाजणं अगदी रास्त आहे. दोन्ही बदल एका वेळी केलेस तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही, आणि पहाटे ती खरंच भुकेली उठायला लागेल. आधी सकाळ बसू दे. उठल्याची, दोन्ही-तिन्ही झोपांची आणि दुधाची वेळ वहीत लिहून ठेव, सासूबाईंनाही लिहायला सांग. आठवडा संपला की त्या वेळा इथे टाक, बघून पुढचं सांगते.